बाईजाचं तोंड

डोळखांबच्या वरच्या अंगाला आमचा पाडा आहे. बाईजाचं आणि माझं घर पाठीला पाठ लावून, त्यामुळे तिचं तोंड सुटलं की पहिला शब्द माझ्या चुलीपाशी ऐकू यायचा. मी अंगणवाडीत सेविका आहे. जे झालं त्याच्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे, तेव्हा ते मीच सांगितलेलं बरं.

बाईजाचा नवरा साप चावून गेला तेव्हा ती तिशीची होती. मूलबाळ नव्हतं. ती माहेरी परत गेली नाही. नवऱ्याच्या वाट्याची ओढ्याकाठची दोन खाचरं एकटीनं करत राहिली. शेजारची खाचरं थोरल्या दिराची, महादूची. बांध दुरुस्त करायच्या निमित्तानं महादू दर उन्हाळ्यात तो वीतभर बाईजाच्या बाजूला सरकवायचा. वीस-बावीस वर्षांत त्या विती बऱ्याच झाल्या. बाईजा गावकीत गेली, तलाठ्याकडे गेली, कोणी बघायलाही आलं नाही. मग तिनं एकच धरलं. रोज सकाळी बांधावर उभी राहून महादूच्या नावानं ओरडायची. शिव्या असायच्याच, पण कोणत्या साली किती सरकवला, तेव्हा कोण बघत होतं, हेही ती पाढे म्हणावे तसं म्हणायची. लोक हसायचे, पण ऐकायचे. म्हणूनच महादूनं तिची वाट कधी अडवली नव्हती. तिच्या खाचरांत बैल न्यायला महादूच्या खळ्यातून जाणारी ती एकच वाट होती. दुसऱ्या बाजूला कातळ आहे. तिथून माणूस कसाबसा उतरतो, बैल उतरत नाही.

योगिनी ही महादूची मुलगी. तिची आई कमळाबाई क्षयानं वर्षभर दवाखान्यात होती, तेव्हा तीन वर्षांच्या या पोरीला बाईजानंच सांभाळलं. सकाळी बापाला शिव्या द्यायची आणि मग पोरीची वेणी घालायची. योगिनी शहापूरला पदवीधर झाली आणि पुढे मुंबईला होस्टेलवर राहून एमए करू लागली. विषय होता शांतता आणि संघर्ष अभ्यास. पाड्यावर त्याला भांडणं मिटवायचं एमए म्हणत.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकानं एक खरं भांडण मिटवायचं आणि त्यावर प्रबंध लिहायचा, असं होतं. योगिनीनं आपल्याच घरचं भांडण निवडलं. दोन्ही बाजू ओळखीच्या आहेत, एवढंच तिनं फॉर्मवर लिहिलं. त्यातली एक बाजू आपला बाप आहे हे लिहिलं नाही. हे तिनं मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना तिला विशेष काही वाटलेलं दिसलं नाही.

माझ्या अंगणवाडीत तीन बैठका झाल्या. पोरांचा चेंडू ज्याच्या हातात असेल त्यानंच बोलायचं. आरोप करायचा नाही, आपल्याला काय वाटतं ते सांगायचं. बाईजानं चेंडू घेतला आणि म्हणाली, महादूनं बांध सरकवला. योगिनीनं तिला थांबवलं. हा आरोप झाला काकी, तुला काय वाटतं ते सांग. बाईजानं बराच विचार केला.

"मला वाटतं," ती म्हणाली, "महादूनं बांध सरकवला."

मी हसले. महादू मात्र झटक्यात शिकला. त्यानं चेंडू मांडीवर ठेवला आणि सांगितलं की रोज सकाळी मेलेल्या आईबापाचा उद्धार होतो, याचं आपल्याला फार वाईट वाटतं. त्यानं डोळेही पुसले. योगिनीनं ते वहीत उतरवून घेतलं.

तिसऱ्या बैठकीत कागद झाला. बांध आज आहे तिथंच राहील. बाईजा ओरडणार नाही, कोणाचं नाव घेणार नाही. वाट दोघांच्या संमतीनं वापरली जाईल. संमतीनं म्हणजे काय, असं मी विचारलं. योगिनी म्हणाली, असंच लिहायची पद्धत असते. मी सही केली. बाईजाला वाचता येत नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, "यात तुजा फायदा हाय ना गो?"

"हाय ना काकी. माजी परीक्षा हाय."

बाईजानं अंगठा दिला.

पेरणीच्या आधी महादूनं खळ्याच्या तोंडाशी करवंदीच्या काट्या रचून वाट बंद केली. त्याची संमती नव्हती. बाईजा बांधावर चढली, पदर खोचला. महादूनं मुलीला फोन लावला आणि मोबाइल बाईजाच्या तोंडासमोर धरला. मी माझ्या परसात होते, मला सगळं ऐकू आलं. योगिनी सांगत होती की तू ओरडलीस तर कागद तू मोडलास असं होईल, माझी दोन वर्षं वाया जातील, मॅडम बघायला येणार आहेत, तोवर थांब. बाईजा खाली उतरली. त्या वर्षी बैल गेले नाहीत. कुदळीनं जेवढं उकरता आलं तेवढ्यात तिनं नाचणी लावली. बाकी रान माजलं.

भाद्रपदात योगिनीबरोबर तिच्या कॉलेजच्या मॅडम आल्या. बाई चांगल्या होत्या, खाली सतरंजीवर बसल्या, काळा चहा प्यायल्या. त्या सकाळी महादूनं काट्या उचलून गोठ्यामागे टाकल्या होत्या. मॅडमनी बाईजाला विचारलं, आता काही भांडण आहे का? बाईजानं योगिनीकडे बघितलं. योगिनी वहीकडे बघत होती.

"नाय," बाईजा म्हणाली. "आता मी गप असते."

मॅडमनी तिचा हात हातात घेतला. मी किटली घेऊन दारात उभी होते. मला बोलता आलं असतं. महादू पंचायतीचा सदस्य आहे आणि मला अंगणवाडी चालवायची आहे. मी दुसऱ्यांदा चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी काट्या परत आल्या. योगिनी बॅग भरत होती तेव्हा बाईजा तिच्याकडे गेली. आता बापाला सांग, म्हणाली. योगिनी हो म्हणाली आणि एसटीनं निघून गेली. पुढे एकदा मी फोनवर विषय काढला. ती चिडली नाही. समजुतीच्या सुरात म्हणाली, "मावशी, आता मी मध्ये पडणं बरोबर नाही. मध्यस्थानं तटस्थ राहायचं असतं."

तिला पहिला वर्ग मिळाला. सहा महिन्यांत एकदाही भांडण नाही, असं प्रबंधात लिहिलं होतं. शहापूरच्या एका संस्थेत तिला नोकरी लागली, बचतगटाच्या बायकांना प्रशिक्षण द्यायची.

निकाल लागल्यावर बाईजा एकदा बांधावर उभी राहिली. साल सांगून सुरुवात केली आणि पुढचं तिला आठवेना. मग आठवलं तर खालून राघो, जो आधी सगळ्यात जास्त हसायचा, तो म्हणाला, अगो, अंगठा देऊन बसलीस ना, आता कशाला बोंबलतेस? बाईजा घरी आली. त्यानंतर माझ्या चुलीपाशी काही ऐकू आलं नाही. पुढच्या आषाढात महादूनं तिच्या खाचरांत लावणी केली. पडीक ठेवून काय करायचं, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं, आणि ते सगळ्यांना पटलं.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. शहापूरला योगिनीच्या संस्थेचं प्रशिक्षण होतं. योगिनी पाड्यावर आलेली होती, म्हणून आम्ही दोघी बरोबरच निघालो. डोळखांबच्या नाक्यावर मुकादमाचा टेम्पो उभा होता. मागे बायका, पोरं, कोंबड्या, पातेली, आणि कडेला गाठोडं घेऊन बाईजा. योगिनी जवळ गेली.

"काकी, कुठं चाललीस?"

बाईजानं तिच्याकडे बघितलं. शेजारच्या बाईनं सांगितलं, भिवंडीकडं, वीटभट्टीवर. योगिनीनं पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढून बाईजाच्या मांडीवर ठेवला. बाईजानं तो तिथल्या तिथं फोडला आणि पोरांना वाटून टाकला. टेम्पो गेला. योगिनीनं घड्याळ बघितलं आणि रिक्षाला हात केला.

प्रशिक्षण वेळेवर सुरू झालं. विषय होता, समोरच्याचं ऐकून कसं घ्यावं. चाळीस बायका होत्या. योगिनी फार छान शिकवते. जेवणात गुलाबजाम होते, मी दोन खाल्ले.