व्हालवरची थुकी

"जिभंनं पूस," मालक म्हणला.

खंडेनवमीचा दिस व्हता. लॉरी धुऊन उभी केलेली. तोंडाला झेंडूचा हार, चारी चाकांना हळद-कुंकू. येरमाळ्यातली मोठ्या घरची माणसं पूजेला आलती. म्या पुढच्या चाकाजवळ गुडघ्यावर बसलेला. बोट अजून हवा भरायच्या व्हालवर. बोटाखाली माझीच थुकी.

काय केलतं म्या? रोजचंच काम. पूजा व्हईस्तोवर म्या आवाराच्या भाईर उभा व्हतो. पूजा झाल्यावर मालकानंच हाक मारली, बारशीला माल न्यायचाय, हवा बघ म्हणला. म्या हातोडी घेतली, चाकं ठोकत आलो. हवा भरलेली असली की ठण्ण वाजतं. पुढलं डावं भद्द वाजलं. मंग व्हालची टोपी काढली, बोटानं थुकी लावली. व्हाल गळत आसंल तर थुकीला बुडबुडा धरतो. समदे डायवर असंच बघत्यात. आमच्या लॉरीचा डायवर, त्याला म्या चाचा म्हणायचो, तो बी असंच बघायचा.

पण त्या दिशी चाक देव झालतं. मला काय ठावं? मालकाची आई वरडली, "बाटिवलं की रं यानं!" आन् मालक म्हणला ते वर सांगितलंच.

म्या चाचाकडं बघितलं. चाचा खाली बिडीकडं बघत व्हता.

म्या पुसलं. जिभंनं पुसलं. आता लपवून काय करायचं? पितळंची चव आली, धुळीची आली, कुंकवाची आली. माझीच थुकी मला परत गिळायला लावली. कोनतरी हसलं. मालक म्हणला, आता भर हवा. आन् म्या पंप घेऊन हवा भरली. चाटलं त्याच्यापरीस ह्याची मला जास्त शरम वाटती. चाटल्यावर बी म्या वर-खाली, वर-खाली पंप मारत ऱ्हायलो.

आमी ढोर. कातडं कमावणारे. चुन्याच्या आन् तरवडाच्या सालीच्या कुंडात माझ्या बापाचे हात कोपरापत्तोर जळून गेलते. लॉरीवर मला काम लागलं ते बी कातड्यापायीच. मालकाच्या डोक्यात असं बसलतं की टायर म्हंजी चामडं. काळं, जाड, वास मारणारं, मंग दुसरं काय आसंल? नुसता मालकच न्हाय, समदं गाव तसंच म्हणायचं. टायर उतरवायचा, ट्यूब खरवडायची, ठिगळ डकवायचं, म्हणलं की ढोराचं काम. दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिस, नवा टायर सोन्यावानी झालता. एकाएका टायरला म्या ठिगळावर ठिगळ लावून चालवायचो. पण माझा हात टायरापुरता. लॉरीच्या दाराला लावायचा न्हाय, बैठकीला लावायचा न्हाय.

पंक्चर बघायला ट्यूब पाण्यात बुडवावी लागती. पाणी म्या आडावरनं काढायचं न्हाय. कुणीतरी यावं, वरून माझ्या घमेल्यात वतावं. कवा यायचे, कवा दोन-दोन हाका मारूनबी यायचे न्हाईत. म्हणून म्या व्हाल थुकीनं बघायचो. पाणी मागावं लागायचं. थुकी माझी व्हती.

त्या दिशी बारशीला जाताना म्या नेहमीवानी वर, करडीच्या पोत्यांवर. खाली चाचा आन् मालकाचा मुनीम बोलत, हसत चाललेले. वर वारा आन् म्या. लई एकट्यानं फिरलो म्या त्या पोत्यांवर, पण असं एकटं कवा वाटलं न्हवतं. घरी म्या मोटारवाला झालतो, आमच्या ढोरवाड्यातली माणसं म्हणायची, याला आता कातड्याचा वास सोसत न्हाय. आन् मोटारीवर म्या ढोर. बोलावं कुणासंगं? करोडगिरी नाक्यावर जकातीला गाडी थांबली तवा चाचा खाली उतरला, माझ्याकडं न बघता म्हणला, "कायकू थूक्या रे तू पूजा के बाद?" बस. एवढंच. रोज थुकणारा माणूस मला इचारतो.

नाक्याच्या अलीकडं निजामाची मोगलाई, पलीकडं इंग्रजांची हद्द. बारशीत एक म्हातारा टायरवाला व्हता. घासलेल्या टायराला नवं रबर चढवायचा. मुनिमानं एक टायर देऊन मला त्याच्याकडं धाडलं. म्या टायर लांब ठिवला आन् सवयीनं म्हणलं, चामडं लई झिजलंय, बघा.

म्हातारा हसला. चामडं कसलं रं? रबर झाडाला येतं म्हणला. खाली मलबारात झाडं असत्यात, त्यांना चिरा पाडत्यात, खाली वाटी बांधत्यात, चीक गळतो. रुईचा गळतो तसा. त्याला वाळवून हे करत्यात.

"जनावराचं कायबी न्हाय ह्यात?" म्या इचारलं.

"केस बी न्हाय."

म्या तिथंच खाली बसलो. इतके दिस म्या समजत व्हतो, टायर बाटका हाय, म्हणून तो माझ्या हातात देत्यात. ते उलटं व्हतं. टायर झाडाचा चीक. निर्मळ. माझ्या हातात दिला म्हणून तो चामडं झाला. कातडं टायराला न्हवतंच. ते माझ्यावर व्हतं आन् माझा हात लागंल ते समदं त्यांना कातडं दिसायचं. मंग म्या काय चाटलं? कुणाचं काय बाटलतं? मला तिथं रडू आलं. म्हाताऱ्यानं पाठ फिरिवली आन् आपलं काम करत बसला.

दुसऱ्या दिशी येरमाळ्यात मालकाच्या दुकानाम्होरं माणसं बसलेली. मालक म्हणला, अय, मागलं चाक बघ. आन् त्या माणसांकडं बघून डोळा मारला, "थुकू नगं बरं. जीभ झिजंल."

समदे हसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज चढला न्हाय. म्या हातोडी खाली ठिवली.

"म्या बघणार न्हाय," म्हणलं. "टायर चामडं न्हाय, मालक. झाडाचा चीक हाय. तुमच्या हातानं बी बघता यील."

मालकाला आधी कळलंच न्हाय. मंग कळलं. उठून त्यानं माझ्या थोबाडात दिली. हातोडी उचल म्हणला. म्या उचलली न्हाय. दुसरी दिली. म्या उभाच. बाप कुठनं पळत आला कुणाला ठावं, आला तो मालकाच्या पायावर पडला आन् मला बी पड पड म्हणू लागला. बापाचे ते जळके हात मालकाच्या जोड्यावर बघितले आन् माझं काळीज तुटलं. तरी म्या पडलो न्हाय. बाप माझ्याकडं असा बघायला लागला का म्या त्याचा कुणीच न्हाय.

चाचा गाडीतनं उतरला. मागल्या चाकापाशी बसला, बोटाला थुकी लावली, व्हाल बघितला. पंप मारला. कुणी कायबी म्हणलं न्हाय. गाडी निघून गेली. माझ्यावाचून कायबी अडलं न्हाय, हे बी म्या डोळ्यानं बघितलं.

त्याच पायानं म्या बारशीची वाट धरली. मागनं बाप आला न्हाय. कुणीच आलं न्हाय. रस्त्यानं रडलो, मंग रडायचा बी कटाळा आला.

बारशीच्या लॉरी अड्ड्यावर गेलो. तिथल्या ठेकेदारानं काय येतं इचारलं. म्या म्हणलं, टायराचं समदं येतं. त्यानं नाव इचारलं. म्या नावाच्या आधी जात सांगितली. मोठ्यानं सांगितली, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशी. म्हणलं, ठिवायचं तर आत्ता ठिवा. नसंल ठिवायचं तर आत्ता न्हाय म्हणा. पण कामाला लावून मागनं सणासुदीला माझी जात आठवायची न्हाय. टायराला हात लावीन तो हात दाराला बी लावीन.

ठेकेदारानं मला वरपास्नं खालपत्तोर बघितलं आन् ठिवलं कामाला. त्यानं न्हाय म्हणलं असतं तर पुढल्या अड्ड्यावर हेच बोललो असतो, त्याच्या पुढल्या अड्ड्यावर बी हेच. उपाशी मेलो असतो, पर बोललो असतो.