पिंपात दिसलेला लाल

माझ्या कानाच्या पडद्याला लहानपणापासून भोक. डोक्यावरून पाणी घ्यायचीसुद्धा चोरी, तिथे समुद्रात बुडी कुठली मारणार? नव्वदच्या दशकात ह्यांच्या नोकरीतल्या एलटीसीच्या प्रवास-सवलतीवर अंदमानला जायचं ठरलं, तेव्हा म्हणूनच हे म्हणाले, "तू बोटीत बस. मी खालचं सगळं तुला फोटोत दाखवतो."

ह्यांची नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात आणि स्वभाव असा, की खात्री केल्याशिवाय कोथिंबिरीची जुडीही घेणार नाहीत. उल्हासनगरच्या दुकानात पाण्यात चालणारे दोन कॅमेरे होते. एक मोठा, बाजूच्या दांडीवर फ्लॅश असलेला. दुसरा पिवळा, आटोपशीर, बिनफ्लॅशचा. सिंधी दुकानदार ओळखीचा होता. "साहब, छोटावाला घर ले जाओ, भाभीजी के सामने ट्राय करो," म्हणाला.

झालं! मोरीतलं पिंप अंगणात उन्हात आलं. लाल बांगड्या घातलेला माझा हात कोपरापर्यंत पाण्यात आणि हे कॅमेरा बुडवून पिंपावर ओणवे. काही हरवलंय का, असं शेजारीण विचारून गेली. फोटो धुऊन आले, तर बांगड्या लालभडक. "बघ, ते फ्लॅशचं लोढणं हवंय कशाला?" मलाही पटलं. पिवळा घेतला.

अंदमानात हे प्रशिक्षकाबरोबर खाली गेले आणि वर आले ते लहान मुलासारखे. "अगं, त्याने टॉर्च मारला आणि एकदम..." एवढं बोलून थांबले. "नाही, आत्ता नाही सांगत. फोटोच बघ."

फोटो आले ते सगळे निळे. मासे निळे, प्रवाळ निळं, प्रशिक्षकही निळा. लाल रंग पाण्यात फार खोल पोचत नाही, तिथे उजेड आपला आपण न्यावा लागतो, हे तेव्हा कळलं. पिंप असून असून किती खोल असणार! मी पोट धरून हसले. ह्यांना हसू आलं नाही.

मग स्टेशनजवळच्या कलर लॅबमध्ये खेपा सुरू झाल्या. लॅबवाल्याने लाल वाढवला, की समुद्र जांभळा आणि प्रशिक्षक रंगपंचमी खेळून आल्यासारखा. बदलापूरला नवी लॅब निघाली, तर निगेटिव्ह तिकडे.

"अहो, तोंडानेच सांगा ना," मी म्हणायचे.

"थांब गं. प्रिंट नीट येऊ दे, मग एकेक दाखवत सांगतो."

ह्यांचं एकदा ठरलं की ठरलं. मलाही वाटायचं, घाई काय आहे. पुढे कारखान्यातच ह्यांना ॲटॅक आला आणि सगळंच संपलं. निगेटिव्ह तेव्हाही बदलापूरलाच होती, ती मी जाऊन आणली.

एका फोटोत खडकाआड काहीतरी पसरलेलं दिसतं. नातवंडं विचारतात, "आजी, हे काय आहे?" मला माहीत नाही. ह्यांचा अजून राग येतो मला. फोटो हवे होते कुणाला? हे सांगतील तो समुद्र मी खरा मानला असता.