टिकलीवर चालणारा कॅमेरा

देवाच्या हातून चुका होत असतील, पण आमच्या थोरल्या साडूंच्या कॅमेऱ्यात दोष नाही. तो फोकस पकडत नाही, एवढंच. बटण दाबलं की भिंग घर्र घर्र करत पुढे येतं, मागे जातं, आणि समोरच्याचं हसू वाळेपर्यंत येत-जात राहतं. "दुरुस्त करून घ्या की," असं नाशकातल्या समस्त नातेवाइकांनी सांगून पाहिलं. साडूंचं उत्तर ठरलेलं : "कॅमेऱ्याला काय झालंय? तुमच्या चेहऱ्यातच काही ठळक नाही, तो तरी काय करणार!"

म्हणून त्यांच्या बॅगेत काळ्या टिकल्यांचं पाकीट असतं. भिंगाला धरायला ठिपका हवा, तेव्हा ते समोरच्याच्या कपाळावर टिकली डकवतात, बटण अर्धं दाबून फोकस धरून ठेवतात आणि "काढा!" म्हणून ओरडतात. ती काढून झटकन बाजूला व्हायचं काम माझं. कचेरीत मी बऱ्यापैकी अधिकारी आहे; सासुरवाडीत टिकली काढणारा. सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला मी पंगतीत वाढत होतो आणि टिकली राहून गेली. तो फोटो मोठा करून हॉलमध्ये लावलाय. सासूबाई अजून तो डाग ओल्या फडक्याने पुसून पाहतात. पिंपळगावच्या एका बागाईतदार मित्राच्या द्राक्षांचे फोटो काढायला साडू एकटेच गेले. हिरव्या पानांत हिरवे घड, भिंग गोंधळलं, त्यांनी घडालाच टिकली लावली आणि काढायला विसरले. फोटो पाहून व्यापाऱ्याचा फोन : "माल लय भारी हाय, पण हा करपा कधीपासून पडला?" मित्राने अबोला धरला. साडू म्हणाले, "फोकस बघा ना! रोगसुद्धा किती स्पष्ट आलाय."

मग माझ्या मुलीचा साखरपुडा झाला. बाबा गेल्यापासून आईने टिकली लावली नव्हती. नको असं तिला कुणी म्हटलं नव्हतं, लाव असंही नाही. फोटोच्या वेळी ती मागे भिंतीशी उभी होती. "काकू, तुम्ही मधे," म्हणत साडूंनीच तिला खुर्चीत बसवलं. फिकट साडी, पांढरे केस, मोकळं कपाळ. भिंग घरघरतच राहिलं. साडू सरळ पुढे आले आणि तिच्या कपाळावर टिकली डकवून परत गेले. आत्याने पदर तोंडाला लावला. आणि महिला दिनाला विधवाप्रथेवर दरवर्षी भाषण ठोकणारा मी, "काढा" ऐकण्याआधीच धावलो. आईने माझा हात धरला.

"राहू दे रे."

"अहो काकू, फोटोत येईल ती!" साडू कळवळले.

"येऊ दे."

साडूंना समाज सुधारायचा नव्हता, फोकस हवा होता, असं मी हा किस्सा सांगताना हसून म्हणतो. पण त्यानंतर घरात काही कार्य असलं की आई आधी विचारायची, "कॅमेरा घेऊन येणारेत ना?" आणि सगळ्यांत आधी खुर्चीत जाऊन बसायची. टिकलीचं पाकीट तिने स्वतः कधी आणलं नाही. मीही आणून दिलं नाही.

यंदा साडूंच्या मुलाने त्यांना नवा कॅमेरा घेऊन दिला. हा म्हणे माणसाचे डोळे आपणच शोधतो. आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं. पाडव्याला साडू तो घेऊन घरी आले. आई नवी साडी नेसून बसली होती, कपाळ किंचित पुढे करून. साडूंनी बटण अर्धं दाबलं. फोकस लागल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. त्यांनी कॅमेरा खाली घेतला, क्षणभर आईकडे पाहिलं, आणि बॅगेत हात घातला.

"पकडत नाही हो काकू," ते म्हणाले, "या कॅमेऱ्यातच काहीतरी दोष आहे."