बिनछपराची गाडी आणि मोहाचं वळण

माझी गाडी विलायती आहे, दोनच माणसांची, आणि तिला छप्पर नाही. म्हणजे कापडी टप आहे, पण तो लावताना बोटं सोलून निघतात, म्हणून मी तो लावत नाही. कोळशाच्या खाणीवरच्या एका जुन्या बंगल्यामागे, शेडमध्ये, तिच्यात कोंबड्या बसत होत्या. तिथून मी ती उचलली. चाकांना सायकलसारख्या तारा, लांबलचक बॉनेट, आणि बसलं की बूड जवळजवळ रस्त्याला टेकतं. शेजारून बैलगाडी गेली तर बैलाचं पोट तोंडासमोर येतं. उभी राहील तिथे तेलाचा डाग टाकते. मला ती आवडते, आणि यावर मला कोणाशी वाद घालायचा नाही.

वीज केंद्रातून रिटायर झालो आणि ऊर्जानगरजवळच घर बांधलं. बायको म्हणते, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. म्हणू दे. उन्हाळ्यात ही गाडी फक्त सकाळी चालवता येते. ऊन चढलं की तिला ताप येतो, आणि मलाही. म्हणून मी उजाडता उजाडता निघतो, मोहर्लीच्या बाजूला जातो, आणि जंगलाला लागून जो गावरस्ता फुटतो त्यावर तिला मोकळी सोडतो. त्या रिकाम्या रस्त्यावर तिचं इंजिन असं गरजतं की छाती भरून येते. खोटं कशाला बोलू, त्या आवाजासाठीच मी ती पाळली आहे.

त्या रस्त्यावरच्या गावात एक बाई चहाची टपरी चालवते. पहिल्याच दिवशी गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "छप्पर लावाले इसरले काय जी बनवणारे?" तेव्हापासून तिचा चहा आणि तिचे टोमणे मला लागू झाले. मोहाची फुलं पडायला लागली की ती सकाळी टपरी उघडत नाही. गावातल्या बायांबरोबर टोपली घेऊन जंगलात जाते. प्रत्येक घराचं आपलं मोहाचं झाड ठरलेलं असतं, आणि उन्हं तापायच्या आत फुलं वेचून घ्यावी लागतात.

त्या पट्ट्यातून मागच्या मोसमात गावातला एक माणूस गेला होता. गेला म्हणजे वाघानं नेला. मोह वेचणारं माणूस जमिनीवर वाकलेलं असतं. वाघाला ते माणूस वाटतच नाही म्हणतात. तरी बाया जातात. मोह काही कोणासाठी थांबत नाही.

यंदा टपरीवाली मला म्हणाली, "भाऊ, तुमची गाडी गेली का जनावर सरकून जाते. तुमी वळणावर जरा रेस देत जा. आमी तुमचा आवाज आला का मंगच आत जातो." मी काय फुगलो सांगू! बायकोला सांगितलं, बघ, माझ्या पोरखेळावर गावच्या बाया जंगलात जातात. ती म्हणाली, "जनावराले इचारलं काय?" मला राग आला. हिला कशाचं कौतुक म्हणून नाहीच.

तर रोज सकाळी मी मोहाची झाडं लागतात त्या वळणावर थांबायचो, अॅक्सिलरेटर दाबायचो, बाया हसत हसत झाडांकडे पांगायच्या. मग मी पुढच्या पुलापर्यंत जाऊन परत यायचो आणि त्या निघेपर्यंत इंजिन चालू ठेवून बसायचो.

त्या दिवशी पुलावरून परतताना धुळीत माझ्याच टायरची रेघ दिसत होती. त्या रेघेवर वाघाच्या पंजाचा ठसा होता. मी जाताना तो नव्हता, कारण रेघ त्याच्याखाली दबली होती. गाडी एवढी बुटकी की तो पंजा मला हाताच्या अंतरावर दिसला. गाडी गेल्यावर जनावर सावकाश रस्ता ओलांडून मोहाच्या झाडांकडे गेलं होतं. दरवाजे माझ्या कोपराच्याही खाली, डोक्यावर आभाळ.

वळणावर पोचलो आणि घाबरून जोरात रेस दिली, पुन्हा दिली. एक बाई झाडाआडून दिसली, माझ्याकडे बघून हात हलवला आणि अजून आत गेली. बरोबरच होतं तिचं; तो आवाज म्हणजे सगळं ठीक. मी ओरडलो, ते मलाच ऐकू आलं नाही. तेव्हा चावी फिरवून इंजिन बंद केलं.

आणि वानर ऐकू आलं. खॅक्, खॅक्, खॅक्, एकसारखं. वानर जनावर दिसल्याशिवाय असं ओरडत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. किती वेळ ते ओरडत होतं कोण जाणे.

बायांनीही ते ऐकलं. टोपल्या टाकून त्या रस्त्यावर आल्या. टपरीवाली आली नाही. मी हाक मारली. ओ आली नाही. बायांनी विळे काढले, एकमेकींना धरून, मोठमोठ्यानं बोलत आम्ही सगळेच आत शिरलो.

ती तिच्या झाडाला पाठ लावून उभी होती. टोपली दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरलेली, म्हणजे उंच दिसावं. समोरचा बांबू अजून हलत होता. आम्ही जवळ गेलो तेव्हा ती मटकन खाली बसली.

"गाडी वाजत होती तवा तो तिथीच बसून होता," मग ती म्हणाली. "मी वाकलेलीच होती. गाडी बंद झाली, वानर आयकू आलं, तवा मान वर केली."

परतताना गाडी सुरू करायला माझा हात धजला नाही. बायांनीच ती गावापर्यंत ढकलत नेली. टपरीपाशी तिनं पदरानं तोंड पुसलं, बॉनेटवर हात ठेवला.

"भाऊ, गाडी तुमची बहुत चांगली आहे," ती म्हणाली. "पण मोह सरत नाई तवरक इकडं आणू नका. हिच्यापाई आमाले जंगल आयकू येत नाई."