सात नंबरची शेवटची चढाई

कबड्डीची कॉमेंट्री करणाऱ्याला दोन गोष्टी सांगता आल्या की पुरे: गुण किती झाले आणि चढाईला कोण गेलं. आमच्या आंधळगावच्या मैदानावर माइक धरणाऱ्याला या दोन सोडून बाकी सगळं सांगता येतं.

त्या दुपारी मुलींचा अंतिम सामना होता. माझी लेक सात नंबरची जर्सी घालून मैदानात, आणि मी स्कूटीवरून पडल्यामुळे पायाला प्लास्टर लावून घरी खाटेवर. लग्नाआधी मीही खेळलेली. सामना न बघता ऐकत बसणं म्हणजे मला शिक्षाच. त्यात लेकीचा डावा गुडघा महिन्यापूर्वी मुरगळला होता. पुन्हा वळला तर खेळणं कायमचं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सकाळी मीच पट्टी बांधून दिली आणि दुखलं तर बाहेर ये म्हटलं. ती येणार नाही हे मला ठाऊक होतं. नवरा मैदानावर होता, पण त्या गोंगाटात फोन उचलेना. उरला फक्त घरापर्यंत ऐकू येणारा मैदानावरचा भोंगा.

"मित्रांनो, वाघीण निघाली शिकारीला!"

अरे, पण कोणती? त्याच्या लेखी दोन्हीकडच्या चौदाही मुली वाघिणीच. मग एक शेर. मग चढाई अर्ध्यात असतानाच मंचावर कुणा सन्माननीयांचं आगमन, शाल, श्रीफळ, त्यांच्या साध्या स्वभावाचं कौतुक. तेवढ्यात तिकडे शिट्टी वाजली, लोक ओरडले, आणि कोण बाद झालं ते गुलदस्त्यातच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सासू अंगणात लाखोरीची डाळ निवडत होती. "काहून वो, एवढी कायले कावून राहिली?"

"गुण सांगून नाही राहिला ना माय तो! पाहुण्यानं चहा घेतला का, थे बी सांगते."

"मंग चूप कर त्याले."

"पाय धड असता तं वायरच ओढली असती!"

सासू हसली. मला हसू येईना.

"शेवटची चढाई! सात नंबर!" भोंगा गरजला. मी ताठ बसले. आणि या पठ्ठ्यानं त्याच दमात मंडपवाल्याचे आभार मानायला घेतले. त्याच्या आवाजाखालून लोकांचा गलका चढत गेला, चढत गेला, आणि एकदम तुटला.

सगळं मैदान गप्प. भोंगाही गप्प. नुसती खरखर.

पाणी पितानाही ज्याचं तोंड थांबत नाही, तो माणूस बोलत नव्हता. त्याला काहीतरी दिसत होतं. गुडघाच. पकडीत पाय अडकला असणार, आणि ती जोर लावून ओढणार, सोडणार नाही. मी पुन्हा फोन लावला. नुसता वाजत राहिला. बोल रे बाबा, मी भोंग्याला म्हणत होते. शेर म्हण, शाली घाल, कुणाचंही स्वागत कर, पण बोल. सासू डाळ तशीच टाकून माझ्याजवळ येऊन बसली.

मग तो बोलला. तो फुगवलेला आवाज नव्हता. शेजारच्यानं दारातून सांगावं तसा होता.

"सात नंबरच्या घरचे आयकत असन तं घाबरू नका जी. पोरगी उठून बसली. थांबा... गुडघा वाकवून पाहून राहिली. वाकला. आता उभी झाली. कोनाचा हात नाही घेतला तिनं. उजवा पाय टाकला. डावा... डावा टेकला जी, पुरा टेकला. आता परत उजवा..."

मी सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडत होते. मैदानाबाहेर येईपर्यंत त्यानं तिचं एकही पाऊल सोडलं नाही.