फॅमिली रूमची बोट

वाटूर फाट्याजवळ एका ढाब्यासमोर सिमेंटच्या चौथऱ्यावर बोट उभी होती. खरी लाकडी बोट, पोटाला गोल, वर सागवानी केबिन, केबिनला गोल काचेच्या खिडक्या. ढाबेवाल्याच्या वडिलांनी ती कधीकाळी मुंबईकडून ट्रकवर घालून आणली होती, रस्त्यानं जाणारं गिऱ्हाईक थांबावं म्हणून. केबिनच्या दारावर लाल रंगात 'फॅमिली रूम' लिहिलेलं. आत चार खुर्च्या मावायच्या. लोक बायकापोरांना घेऊन आत बसायचे आणि शेवभाजी खायचे.

रस्ता रुंद व्हायला निघाला, चौथरा मोजणीत आला आणि बोट भंगारात निघाली. मी ढाबेवाल्याला म्हणाले, मला द्या.

"काय करता ताई तिचं?"

"पाण्यात सोडणार."

तो हसला. "आमच्याकडं आल्यापासून तिनं पाणी पाहिलं ते ग्लासातलं. बघा बुवा."

मला बोट कशाला हवी होती ते सरळ सांगते. मंठा तालुक्यात माझ्या आत्याचं गाव धरणाच्या पाण्याकाठी आहे. पाणी चढलं तेव्हा घरं अलीकडे आली आणि उरलीसुरली जमीन पलीकडे राहिली. रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा, आणि त्या वाटेला ना एसटी ना जीप. मग बायका कापूस वेचायला थर्माकोलवर जातात. थर्माकोलच्या जाड पाट्या दोरीनं बांधायच्या, खाली ट्रॅक्टरची ट्यूब, वर बसायचं आणि हातानं पाणी मारत जायचं. मागच्या वेचणीला आत्या त्यावरून पडली. तिला पोहता येत नाही. शेजारणीनं केसांना धरून तिला वर ओढलं. त्या दिवसापासून ती पाण्याकडे पाठ करून बसायची, पण जायची. कापूस झाडावर फुटला की थांबत नाही.

पुलासाठी आमच्या संघटनेनं तीन पत्रकं काढली. निवेदनं दिली, धरणं धरलं. पूल 'प्रस्तावित' आहे असं उत्तर आलं. प्रस्तावित पुलावरून कुणी चालू शकत नाही, हे मी उत्तर देणाऱ्या साहेबांना तोंडावर सांगितलं. त्यांनी मला चहा पाजला.

संघटनेतले एक दादा बोटीवर नाराज होते. "बोट आणली की पूल मेला समज. साहेब लोक म्हणतील, झाली ना सोय." त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पण ते कधी थर्माकोलवर बसले नव्हते. मी म्हणाले, वेचणी दिवाळीच्या आधी सुरू होते, पुलाचं काय ते तुम्ही दिवाळीनंतर बघा. दोन आठवडे ते माझ्याशी बोलले नाहीत.

बोट दुरुस्त करायची ती मामानं. मामा जालन्यात सळया करणाऱ्या रोलिंग मिलमध्ये वेल्डर आहे. राहतो मस्तगडला, पण तिथल्या गल्लीत बोट तर सोडा, बोटीचा फोटोसुद्धा आडवा शिरला नसता. म्हणून एमआयडीसीच्या मागे एका ओळखीच्या प्लॉटवर आम्ही ती ट्रॉलीतून उतरवली. ड्युटी सुटली की मामा तिथे यायचा. रोज बघे जमायचे. पान खाणारा एक म्हातारा रोज विचारायचा, "समुद्र कधी येऊन राह्यला मंग जालन्याला?"

लाकूड उन्हानं वाळून फळ्यांत फटी पडल्या होत्या. टेबल धुतलेलं पाणी निघून जावं म्हणून ढाबेवाल्यानं तळाला चक्क भोक पाडलं होतं. भोक बुजवलं, फटी भरल्या, बाहेरून फायबरचा थर मारून घेतला. ते काम एक गाड्यांचे बंपर करणारा करून गेला आणि बरं केलं. इंजिन नव्हतंच. शेतातल्या पाण्याच्या पंपाचं डिझेल इंजिन बसवलं, त्याला लांब दांडा, दांड्याला पंखा. हौदात फिरवून पाहिलं तर आम्ही सगळे भिजलो.

इथपर्यंत बराबर होतं. पुढे जे झालं ते जालन्यातच होऊ शकतं.

आमच्या गावात मजबूत म्हणजे जड. दार घ्या, कपाट घ्या, माणूस आधी हातानं उचलून बघतो आणि उचललं गेलं नाही तर खूश होतो. मामाचा तर जन्म सळईत गेला. त्यानं तळात लोखंडी पत्रा टाकला. मग केबिनचं लाकूड ठोकून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "हे कच्चं हाय. बायका बसणार, माल बसणार. उद्या छप्पर डोक्यात पडलं तर तू पत्रक काढशील माझ्या नावानं." त्यानं केबिनच्या आत लोखंडी अँगलचा सांगाडा उभा केला. छपरावर जाड पत्रा. छपरावर कापसाची गाठोडी ठेवता यावीत म्हणून वर पाइपाचा कठडा. बघे वर चढून उड्या मारून बघत आणि म्हणत, "वा, हलत न्हाई!" मीही चढले, मीही उड्या मारल्या. जमिनीवर ती खरंच हलत नव्हती.

केबिन मी स्वतः घासली होती. तेलकट काजळी खरवडली, सागवानाचा रंग वर आणला, काचा बसवल्या. मला ती केबिन हवीच होती. शहरातले लोक रविवारी तलावात छपराच्या बोटीतून फिरतात आणि ज्यांच्या शेतावर पाणी उभं केलं त्या बायका उघड्यावर थर्माकोल धरून बसतात. का म्हणून? आमच्या आत्यानं गोल खिडकीतून पाणी पाहत शेतात जावं, असं मी पत्रकातच छापलं होतं.

ट्रॅक्टरनं बोट पाण्याकाठी नेली. सगळी वस्ती जमली. जयभीम झाले, नारळ कुणी फोडला नाही, पेढे मात्र वाटले. बोट पाण्यात उतरली, दोन वेळा डुलली आणि डाव्या कुशीवर कलली. कललेलीच राहिली. आत्या म्हणाली, "झोपली का गं ही?"

मामा म्हणाला, "वजन कमी पडलं तिकडं." उजवीकडे वाळूची पोती टाकली. बोट उजवीकडे कलली. पोती मधे ठेवली तर ती विचार करायला लागली आणि पुन्हा डावीकडे गेली. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मला हसू येत नव्हतं. पलीकडे कापूस पांढरा दिसत होता, इतकं पाणी अरुंद आहे तिथे.

मामा आत उतरला, छपराच्या पाइपाला धरून उभा राहिला, तसं पाणी थेट काठावर आलं. तो तळात खाली बसला, तशी ती सरळ झाली. पुन्हा उभा राहिला, पुन्हा कलली. मग कुणाला काही समजवायची गरज उरली नाही. भार सगळा डोक्यावर होता.

"वरचं काढा की मंग," आत्या म्हणाली.

"अक्का, वरचं म्हंजे केबिन," मामा म्हणाला.

"तेच. काढा."

मी मधे पडले. म्हणाले, नुसतं लोखंड काढू, लाकूड राहू दे. मामानं मान हलवली. सांगाडा बसवताना भोकं पाडून लाकूड खिळखिळं झालेलं, आता ते एकटं उभं राहणार नाही. मी म्हणाले, मग दुसरं काही करू, थोडे दिवस द्या. ऊन आहे, पाऊस आहे, छप्पर तुमचा हक्क आहे.

आत्या माझ्याकडे वळली. "बाई, मला कापूस आणायचाय, नवरी न्हाई. त्या खोलीत मला कोंडून ही उलटली तर मी निघू कुठून? त्या खिडकीतून? माझं डोकं तरी मावतं का बघ." मग हळू म्हणाली, "थर्माकोलवरून पडले तर वरती आल्ते मी."

पत्रकात ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

मामानं दोन दिवस ग्राइंडर चालवला. स्वतःची वेल्डिंग तोडताना तो बडबडत होता, "काय पक्कं मारलंय, च्यायला." तळाचा पत्रा राहू दिला, तिथलं वजन बिलकुल कामाचं निघालं. उरली ती पोटाची उघडी बोट, मधे बसायला दोन फळ्या, कडेनं हात धरायला दोरी. परवानगीचा अर्ज दिलाय, उत्तर नाही. पाण्यात तरंगवणारी जॅकेटं मात्र मी सगळ्यांना आणली, आणि ती घातल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. यावर भांडणं झाली. मी जिंकले.

पहिल्या फेरीला आत्या सगळ्यांत शेवटी चढली. फळीवर नाही, खाली तळातच बसली, दोन्ही हातांनी दोरी धरून. तोंड पाण्याकडे. इंजिनाच्या आवाजात बाकीच्या काहीबाही ओरडत होत्या. अर्ध्यात आत्यानं एक हात सोडला आणि पदर नीट केला. पुन्हा दोरी धरली.

पलीकडच्या चिखलात ती उतरली, वेचलेला कापूस टाकायची ओटी कमरेला कसली आणि चालायला लागली. मी विचारलं, "कसं वाटलं?"

"गाठोडी किती मावतील तिच्यात ते बघ आधी," ती मागे न बघता म्हणाली. "आन् ऊन उतरायच्या आत न्यायला ये. उगा बोलत बसू नको कुणासंगं."