गुप्तहेर जेवते कवा?

गुप्तहेरांचा माझ्या साळ्याइतका मोठा वैरी जगात दुसरा नसेल. शत्रुदेशाचे पोलीस परवडले, ते गोळी घालून मोकळं करतात. हा माणूस गुप्तहेराला पानापानावर अडवून जाब विचारतो. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ. अकोल्याला मालधक्क्यावर हमालांची हजेरी घेण्यात त्याचा जन्म गेला. कोण खरंच कामावर आहे अन् कोण नुसतं नाव लावून सावलीत बसलाय, हे तो लांबून ओळखतो. पुस्तकातल्या माणसांनाही तीच हजेरी.

मी चौथीपर्यंत शिकलो, तेही रडतपडत. चाळीस वर्षं सायकली दुरुस्त केल्या. घरात वाचणारी बायको होती. ती गेली, त्यानंतर पंधरा दिवसांनी, मंगळवारी, हा एसटीने अमरावतीला आला. पिशवीतून साडेचारशे पानांची हेरकथा काढली अन् म्हणाला, "भाऊजी, वाचून दाखोतो. आयका." ना विचारपूस, ना तिचं नाव. तेव्हापासून दर मंगळवारी हेच चालू.

वाचणं कसलं! दोन पानं झाली की पुस्तक मांडीवर उपडं, अन् हुकूम सुटतो, "मत सांगा!" त्याचं स्वतःचं मत तर आधीच तयार असतं. "शंभर पानं झाले भाऊजी, हा मानूस जेवते कवा? तीन दिवसापासून गच्चीवर पालथा पडून राहिला. दुर्बीण हाये, पिस्तूल हाये. डबा कुठी हाये?" गुप्तहेराने धावत्या गाडीतून उडी मारली, तर ती कशी चूक आहे हे दाखवायला हा माझ्या ओट्यावरून उडी मारता झाला. आठ दिवस लंगडला अन् दोष लेखकाला दिला. त्याच्यापाशी एक वही आहे, तिच्यात परक्यांचीही मतं लिहून घेतो. एसटीत शेजारी बसेल त्याच्या हातात पुस्तक कोंबतो. एकदा कोण्या मास्तरीणबाईचं मत अर्धं राहिलं, म्हणून मूर्तिजापूरला तिच्यामागे उतरला अन् गाडी निघून गेली. दोन तास उशिरा पोचला.

"काय म्हनाली बाई?" मी विचारलं.

"म्हने, मागं लागू नका."

तेही त्याने वहीत लिहिलं होतं.

शेजारचे टेलरचाचा गळ्यात टेप घालून ऐकायला येत. त्यांचं मत पहिल्या दिवसापासून एकच. "कर्नलच गद्दार हाय, लिहून ठेवा. ज्याचा कोट खांद्यावर असा बसते, तो आपल्या मुलुखात शिवलेलाच नाही."

मंगळवार सोडला तर मला घरात धड बसवत नाही. खाटेवरून ओट्यावर, ओट्यावरून फाटकापर्यंत, पुन्हा खाटेवर. पुस्तक उघडं दिसलं की उरलेल्या पानांची जाडी मी अंगठ्याने चाचपायचो, टायर किती झिजलं ते पाहावं तशी. हे संपलं की हा कशाला येईल? नातं तिच्यामुळे होतं अन् ती तर नाही. मग मीच खोडा घालायचो. "त्या बाईनं पत्र जाळलं, थे पुन्हा वाच. मले समजलं नाही." समजलं होतं.

गेल्या महिन्यात पुस्तक संपलंच. गद्दार कर्नलच निघाला. चाचा टेप फिरवत दुकानात गेले, जशी काही कर्नलला त्यांनीच बेडी घातली. साळ्याने वही उघडली. "मत सांगा, भाऊजी."

"पटलं नाही."

"काहून?"

"मानसं किती मेले?"

त्याने बोटांवर मोजले. "अकरा."

"अन् एकाच्याबी घरी कोनी रडलं नाही. तुई ताई असती तं हेच म्हनली असती."

इतक्या महिन्यांत तिचं नाव पहिल्यांदा निघालं. त्याने कागदावर पेन टेकवलं ते तसंच राहिलं. माझ्याच्यानं राहवलं नाही. सरळ विचारलं, "आता मंगळवारी येशीन का नाही?"

"पुस्तक तं संपलं."

"पुस्तकाचं नाही विचारलं म्या."

त्याने वही पिशवीत टाकली, चपला घातल्या अन् गेला. ते सात दिवस फाटकाच्या कडीला विचारा.

मंगळवारी अकराची गाडी आली, हा नाही आला. बाराची आली, तरी नाही. मी जेवलो नाही. दीडला फाटक वाजलं. हाच होता. पुस्तक नाही, वही नाही, पिशवीसुद्धा नाही. ओट्यावर बसला. मोकळ्या हातांचं काय करावं हे त्याला समजत नव्हतं, एकदा गुडघ्यावर ठेवले, एकदा बगलेत घातले. मग म्हणाला, "ताई लहानपनी लय घाबरट होती भाऊजी. विहिरीत वाकून पाहेना. तुमाले मालूम नसन."

चाळीस वर्षं संसार केला, पण मला खरंच मालूम नव्हतं. पाण्याचा तांब्या मी त्याच्यापुढे सरकवला अन् म्हटलं, "सांग. घाई नोको करू."